डोळा राहिलेली चित्रं : एका दुकानदाराच्या स्मरणिकेचं प्रकरण

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आजूबाजूच्या गावांतल्या स्मरणिका संपादित करून देतो. आतापर्यंत आठ झाल्या. त्यातली ही सातवी, आणि यात मी जी चूक केली ती आधीच्या सहांमध्येही केली असणार, फक्त तिथे ती उघडी पडली नाही. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. चित्रांचा उल्लेख येईल, त्यांतलीही दोन सोडून बाकीची बदलली आहेत. का, ते पुढे कळेल. घरच्यांनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे. काकींनी, म्हणजे दुकानदाराच्या पत्नीने, एक ओळ खोडली, ती इथे नाही.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठचं बाजाराचं गाव. पेठेत देवळाच्या वळणावर एक किराणा दुकान, त्यातच एका बाजूला वह्या-पेन्सिलींचं कपाट. मालकांना सगळे तात्या म्हणत, आपणही तेच म्हणू.

तात्यांचा जन्म १९५४चा. शाळेत असताना त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात जायचे. पोरांना तिथे काम म्हणजे पॉलिश पेपर घासायचा आणि रंग कालवायचे. डोळ्यांची आखणी मालक स्वतः करायचा, सगळ्यात शेवटी, आणि त्या वेळी कुणी बोलायचं नाही. तात्या हे सांगताना अजूनही आवाज खाली आणत, मी स्वतः ऐकलंय. मुंबईला जे. जे. कलाशाळेत जायचं घाटत होतं. तेवढ्यात १९७२चा दुष्काळ पडला. घरची जनावरं गेली, वडील खडी फोडायच्या कामावर, आणि थोरला म्हणून हे. दोन वर्षांनी उसनवारी करून, एक खोली भाड्याने घेऊन दुकान टाकलं.

चित्रकार व्हायचं राहून गेलं म्हणून ते कुढत बसले, असं मात्र नाही. गणपतीत दुकानाच्या दर्शनी फळीवर काड्यापेट्यांचा रायगड उभा राहायचा. नारळांना चेहरे यायचे. बाहेरच्या फळ्यावर गुळाचा भाव आणि खाली दोन ओळी, बहुतेक वेळा गिऱ्हाइकांची चेष्टा करणाऱ्या. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस दुकान वाढवल्यावर (आमच्याकडे दुकान बंद करतात असं म्हणत नाहीत) अख्खं घर आकाशकंदील करायला बसायचं. बुरुडाकडून कामट्या, पतंगी कागदाचे ताव, मैद्याची खळ. बायको खळ शिजवणार, मुलगा कामट्या बांधणार, मुलगी झिरमिळ्या कातरणार, पुढे सून आणि नातवंडंही त्यात आली. वीस-बावीस कंदील व्हायचे. एकही विकला नाही. गल्लीत ज्या घरी त्या वर्षी लग्न होऊन सून आली किंवा बाळ झालं, त्या घरी पहिला.

जानेवारी २०२३मध्ये तात्या गेले. सकाळी दुकान उघडलं, फळा पुसला आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

अडचण काय होती

वर्तमानपत्रातली बातमी सहा ओळींची आली. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, सून, एक मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता.’ या साच्याला मी नावं ठेवत नाही, त्या दिवशी घरच्यांना तेवढंच जमतं. पण कोल्हापूरला दिलेली मुलगी तेराव्याला म्हणाली, “सर, यात बाबा कुठेच नाहीत. हे कुणाच्याही नावाने छापता येईल.”

तात्यांचे धाकटे भाऊ, त्यांना सगळे बापू म्हणतात, गावच्या राजकारणात आहेत. त्यांनी चौकात मोठा फ्लेक्स लावला होता. त्यात तात्यांचा फोटो एका बाजूला आणि शोकाकुल नेत्यांचे अकरा फोटो. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला वाटत होतं की वडिलांच्या नावाने काहीतरी टिकाऊ व्हावं. आणि काकी काहीच बोलत नव्हत्या. पंधराव्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं.

काय करायचं, हा प्रश्न दिसायला सोपा होता. त्याच्याखाली दुसरा होता. तात्यांच्या कलेचा पुरावा होता तरी कुठे? काड्यापेट्यांचा रायगड अनंत चतुर्दशीनंतर मोडून विकला जायचा. फळा रोज पुसायचा. कंदील पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत. कागदावर टिकलेली त्यांच्या हातची चित्रं एकाच ठिकाणी होती: उधारीच्या वह्यांत.

तात्या उधारीच्या खात्याला नाव लिहीत नसत. प्रत्येक घराचं एक चित्र. ज्यांच्या दारात पिंपळ आहे त्यांचा पिंपळ, कोंबड्या पाळणाऱ्यांचा कोंबडा, कुणाची म्हैस, कुणाची बैलगाडी. चित्र अंगठ्याएवढं, निळ्या पेनाचं, पण काय रेघ होती! चित्राखाली तारखा आणि आकडे.

अशा चाळीस-पंचेचाळीस वह्या झाल्या असणार. हाती लागल्या एकोणीस. २००५च्या पुरात खालच्या फळीवरच्या गेल्या. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या पेठेत माळ्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर तात्यांनी आधी वह्या बाहेर काढल्या, मग तांदूळ. कंदील वाळवायच्या दोरीवर त्या सावलीत उलट्या टांगल्या. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकली. जुन्या वह्या दौतीच्या शाईच्या, त्यांत निळे ढग तेवढे उरले.

कोणते पर्याय होते

मार्चमध्ये घरात बैठक झाली. मला बोलावलं होतं.

बापूंचं म्हणणं, वाचनालयाच्या दालनाला तात्यांचं नाव द्यावं, देणगी सगळ्यांनी मिळून काढावी. यात गैर काही नव्हतं. पण तात्या वाचनालयात फारसे जात नसत. दगडी पाटीवर नाव येणार, माणूस येणार नाही. शिवाय उद्घाटनाला कोण येणार, यावर बापूंची वही आधीच भरली होती, हे मुलीने तोंडावर सांगितलं. तिथे बैठक अर्धा तास थांबली.

मुलाचं म्हणणं, शाळेत चित्रकलेचं पारितोषिक. ठेवीच्या व्याजावर दरवर्षी. हा पर्याय मला आजही बरा वाटतो. तेव्हा तो मागे पडला, कारण मुलगी म्हणाली की मुलांना बाबा कोण होते हे कुठून कळणार.

मुलीला पुस्तक हवं होतं. वर्षश्राद्धाला वाटायची स्मरणिका, पण नेहमीसारखी शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरलेली नको. त्यात वह्यांमधली चित्रं, कंदिलाची कृती मापांसकट, फळ्यावरच्या ज्या ओळी लोकांना पाठ आहेत त्या.

आणि चौथा पर्याय म्हणजे काहीच न करणं. तो कुणी मांडला नाही. काकींच्या मनात तो होता, असं मला आता वाटतं. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही ठरवा. मला दुकान आहे.” आम्ही सगळ्यांनी हे दुःखाचं बोलणं समजलं.

स्मरणिका ठरली. वह्या वापरायच्या का, यावर मात्र नीट चर्चा झाली, आणि त्या चर्चेबद्दल मला बरीच वर्षं अभिमान वाटला असता, पुढचं घडलं नसतं तर. मी म्हटलं की वही तात्यांची असली तरी उधारी लोकांची आहे. कुणाच्या घरी कधी गोडेतेल पावशेरावर आलं, हे त्यात दिसतं. मुलाने वकिलांना विचारलं. वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, अशा उधारीच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची, त्यामुळे बहुतेक येणं कायद्याने कधीच बाद झालंय. दोन, हिशेबाच्या वहीतल्या नोंदी पुरावा म्हणून चालतात, पण नुसत्या नोंदीवरून कुणावर देणं बसत नाही. त्यातून इथे नावाच्या जागी कोंबडा. न्यायाधीशापुढे कोंबडा कसा हजर करणार, म्हणून सगळे हसले.

त्याच बैठकीत वकिलांनी जाता जाता एक प्रश्न केला होता. दुकानाची जागा भाड्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे दुकानाचा भाडेकरू वारला तर त्या जागेत त्याच्याबरोबर व्यवसाय करणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण जातं. म्हणून त्यांनी विचारलं, “दुकानात तात्यांबरोबर कोण बसायचं?” मुलगा म्हणाला, “बाबा एकटेच बघायचे सगळं.” बापूंनी मान हलवली. मीही.

काकी आत चहा करत होत्या. १९८१पासून रोज दुपारी एक ते चार, तात्या जेवून पडले की गल्ल्यावर काकी बसायच्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. विचारल्यावर एकालाही आठवलं नाही.

काय केलं

वह्यांची पानं मुलाने आणलेल्या स्कॅनरवर घेतली. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) पुरतं, पण पुन्हा वह्या उलगडायला नकोत म्हणून ६०० वर घेतली. पुराच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली, ती सोडवताना मुलीने एकेक पान टिपकागदात ठेवलं. तिच्या हाताला ते काम येतं, झिरमिळ्यांची सवय.

चित्रं निवडली चौतीस. प्रत्येकाखालचे आकडे आणि तारखा संगणकावर पुसल्या. एखाद्या घराची ओळख अगदीच उघड होती, अशी पाच चित्रं वगळली. आम्ही खूष होतो.

निवडताना एक गोष्ट लक्षात आली. काही चित्रांत जनावराला डोळा होता, काहींत नव्हता. त्याच कोंबड्याला एका पानावर डोळा आहे, चार पानांनंतर नाही. पिंपळाच्या फांदीवर कधी एक टिंब दिसे, बहुधा पाखरू, कधी नसे. मुलगी म्हणाली, “लहानपणी मला वाटायचं की बाबांना कंटाळा आला की ते चित्र अर्धं सोडतात.” मला मात्र कारखान्यातली ती गोष्ट आठवली, शेवटी भरायचे डोळे, आणि माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. पान १७ आणि १८वर बिनडोळ्यांची नऊ चित्रं मांडून मी त्यांवर अर्धं पान लिहिलं: अपुऱ्या राहिलेल्या कलाजीवनाची ही नकळत उमटलेली खूण, वगैरे. तो मजकूर सगळ्यांना फार आवडला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकींची मुलाखत मी घेतली होती, दीड तास. लग्न कसं जमलं, तात्यांना काय आवडायचं, शेवटच्या दिवशी काय बोलले. वह्यांबद्दल एक प्रश्न विचारला नाही. त्यांच्या फोटोखाली ओळ होती: ‘तात्यांना सावलीसारखी साथ देणाऱ्या गृहिणी’. ही ओळही माझीच.

मधे दिवाळी आली, १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. वर्षाच्या आतली दिवाळी, म्हणजे घरात तळण नाही, दारात कंदील नाही. फराळाचे डबे शेजारपाजारचे आणून देतात, तसे आले. मुलीला मात्र कंदील करायचे होते. बापू भडकले. “सुतकातल्या घराचा कंदील कोण लावील दारात?” या वेळी काकी बोलल्या. “आपल्या दारात लावायचा नाही. दुसऱ्यांना द्यायचा तर त्यांना विचारून करा. नको म्हणतील त्यांना राग धरू नका.” मुलगी घरोघर विचारून आली. तीन घरांनी नको म्हटलं. एकोणीस कंदील झाले. या सगळ्या प्रकरणात आधी विचारून केलेली गोष्ट हीच एक, आणि ती एकच सुरळीत पार पडली. हे मला पुढे बऱ्याच उशिरा दिसलं.

वर्षश्राद्धाचा दिवस

स्मरणिका ४८ पानांची, मधे पिना मारलेली. ३०० प्रती. जेवणावळीनंतर चाळीसेक वाटल्या गेल्या.

लोक चाळत होते. आधी पोक्त बायका गप्प झाल्या. मग एक म्हातारे गृहस्थ पुस्तक मिटून बंडीत घालून, पान न खाताच निघून गेले. मला वाटलं, गहिवरले.

संध्याकाळी काकींनी पहिल्यांदा स्मरणिका हातात घेतली. सतराव्या पानावर थांबल्या. मला म्हणाल्या, “सर, हे तुम्ही काय छापलंत?”

मग त्यांनी सांगितलं. १९८०च्या सुमाराला कुणीतरी गल्ल्यावर ओणवं होऊन वहीतलं शेजाऱ्याचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचला होता. त्या घरची बाई पंधरा दिवस पेठेत आली नाही. तेव्हापासून नावं बंद, चित्रं सुरू. खातं उघडं असलं की चित्र बिनडोळ्याचं. पैसे पुरे झाले की गिऱ्हाइकासमोर डोळा भरायचा. “घ्या, कोंबड्याला दिसायला लागलं.” पोरं ते बघायला हट्टाने आयांबरोबर यायची. गाडीला, झाडाला डोळा नाही, तिथे एखादं पाखरू, एखादा दिवा. पेठेतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं. नव्हतं ते पुण्याच्या मुलाला, लग्न होऊन गेलेल्या मुलीला आणि मला. मी आयुष्यभर रोखीने सामान घेत आलो.

आम्ही नावं काढली, आकडे काढले, तारखा काढल्या. जे झाकायचं होतं नेमकं तेच नऊ चित्रं एकत्र मांडून, वर निबंध लिहून छापलं.

पाकीट

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा आला. हातात स्मरणिका आणि पाकीट. आजीने दिलंय म्हणाला. पाकिटात ६४० रुपये. आजींचं चित्र म्हैस. हे एक चित्र मी बदललेलं नाही, त्यांनीच सांगितलं की राहू द्या.

नवरा आजारी असतानाची उधारी होती, पुराच्या आधीची. पूर आल्यावर तात्यांनी तिचा विषय काढला नाही, आजींनीही नाही.

आता घरात वाद पेटला. मुलगा म्हणाला, पैसे तसेच परत द्यायचे, पाया पडून माफी मागायची. सून म्हणाली, परत दिले तर त्या आणखी दुखावतील. बापूंनी सुचवलं की आपण सगळ्यांची उधारी माफ केली, असं जाहीर करून टाकू, गावात नावही होईल. मला मुलाचं पटत होतं. आज उलटून पाहिलं तर त्यात आमची सुटका जास्त होती. पैसे परत केले की आम्ही मोकळे. आजींच्या पदरी काय आलं असतं? आधी उधार, मग जाहीर उधार, मग दान.

काकींनी वाद ऐकून घेतला. गल्ल्यातून २०१९ची वही घेतली, पेन घेतलं आणि एकट्या आजींकडे गेल्या. बरोबर कुणी नको म्हणाल्या. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलेलं नाही. वही परत आली तेव्हा म्हशीला डोळा होता. जरा मोठा झालाय, काकींचा हात तात्यांसारखा नाही.

६४० रुपये त्या दिवशीच्या गल्ल्यात जमा झाले.

उरलेल्या प्रतींचं काय

२६० प्रती शिल्लक. रद्दीत द्यायच्या तर रद्दी पुन्हा पेठेतच पुड्या होऊन फिरणार. पुन्हा छापायला पैसे नव्हते. पान १७-१८ फाडून काढावं असं मी सुचवलं, आणि छापखान्यातल्या माणसाने समजावलं की मधे पिना मारलेल्या ४८ पानी पुस्तकात तो कागद पलीकडे ३१-३२ पानांचा असतो. एक ओढलं की दुसरं सुटतं. ३१-३२वर मुलीने लिहिलेली कंदिलाची कृती होती, संबंध पुस्तकातली सर्वांत कामाची पानं.

कुणीतरी म्हणालं, प्रत्येक प्रतीत हाताने डोळे भरू. काकी नाही म्हणाल्या. “पैसे आल्याशिवाय डोळा भरला तर ह्यांच्या वहीला अर्थ काय राहिला?” हा त्यांचा हट्ट मला तेव्हा कठोर वाटला. पण तात्यांची पद्धत टिकवणारं त्या घरात दुसरं होतं कोण?

शेवटी पानांवर कागद चिकटवायचं ठरलं. पहिला प्रयत्न पतंगी कागदाचा केला, घरात पडून होता. त्यातून म्हैस छान गुलाबी दिसायला लागली. मग घोटीव कागद आणला. चार रात्री घर पुन्हा खळ घेऊन बसलं, २६० प्रती, दोन्ही बाजू. माझा निबंध त्याखाली गेला. वाटलेल्या चाळीसपैकी एकतीस प्रती मुलगी आणि काकींनी घरोघर जाऊन परत आणल्या. नऊ आल्या नाहीत.

परिणाम

त्या नऊ खात्यांपैकी चार जणांनी पुढच्या दोन महिन्यांत पैसे आणून दिले. एकाने भांडण काढलं, ते रास्त होतं. दोन घरं गाव सोडून गेलेली. बंडीत पुस्तक घालून गेलेले गृहस्थ अजून आमच्याशी बोलत नाहीत, आणि सामान दुसऱ्या दुकानातून नेतात. बाकीच्यांबद्दल काकी काही सांगत नाहीत.

जागेचा प्रश्न पुढे आलाच. मालकाने खोली सोडण्याबद्दल विचारणा केली. वकिलांनी पुन्हा विचारलं, दुकानात कोण बसायचं? या वेळी मुलाने वह्याच पुढे केल्या. दुपारच्या नोंदींचे आकडे निराळ्या हाताचे आहेत, १९८१पासून. आम्ही त्या वह्या महिनोन्‌महिने स्कॅन केल्या, चित्रं टिपली, आणि शेजारचं दुसरं अक्षर एकालाही दिसलं नाही. मालकाने विषय वाढवला नाही. भाडेपावती आता काकींच्या नावाने येते.

मुलाने सुचवलेलं शाळेचं पारितोषिक या वर्षीपासून सुरू झालं.

पुन्हा करायचं झालं तर

काकींशी दीड तास बोललो, त्या ऐवजी एक दुपार दुकानात त्यांच्याशेजारी बसलो असतो. एवढं एक केलं असतं तर बाकी सगळं टळलं असतं, असं मला वाटतं. मी त्यांच्याकडे आठवणी मागायला गेलो, माहिती मागायला नाही. नवरा गेलेल्या बाईकडून आपण हुंदका अपेक्षित धरतो, धंद्यातला तपशील धरत नाही. आधीच्या सहा स्मरणिका मी काढून पाहिल्या. चार ठिकाणी ‘सावलीसारखी साथ’ आहे. एकीत तर ‘मूक साथ’.

छपाईआधी कच्ची प्रत पेठेतल्या पाच-सहा जुन्या गिऱ्हाइकांना दाखवायला हवी होती. मी ती दाखवली दोन प्राध्यापकांना, त्यांनी शुद्धलेखन तपासलं.

वह्यांना हात लावायलाच नको होता का? यावर मुलीचं आणि माझं अजून पटत नाही. ती म्हणते, चित्रं छापली नसती तर बाबा सहा ओळींचेच राहिले असते. मला वाटतं, डोळा भरलेली, म्हणजे फेडलेली चित्रं त्या-त्या घराला विचारून छापता आली असती. ती म्हणते, विचारायला गेलात की तिथेच चव्हाट्यावर आलं. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. कंदिलाला लोक उघडपणे हो-नाही म्हणू शकले, उधारीबद्दल विचारणंच अवघड. पाच ओळख पटणारी चित्रं आम्ही वगळली, तेव्हा ती कुणाला ओळखू येतील हे आम्ही आमच्या नजरेने ठरवलं होतं, आणि आमच्यापैकी एकजणही त्या दुकानाचा उधारीचा गिऱ्हाईक नव्हता.

एकोणीस वह्या सध्या काकींकडेच आहेत, लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. एका संग्राहकाने मागितल्या होत्या. स्कॅनची प्रत मुलाकडे होती, ती त्याने काकींसमोर पुसली. हे बरोबर केलं का, मला सांगता येत नाही. पुन्हा पूर आला तर एकच प्रत आहे.

२०२४च्या लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली. सुनेने मोबाइलवरच्या उधारीच्या ॲपचा विषय काढला होता, काकींनी तो ऐकून घेतला आणि वही मांडली. त्यांना चित्र काढता येत नाही. त्यामुळे आता ज्याचं खातं त्यानेच चित्र काढायचं, असा नियम केलाय. बहुतेक जण घरातल्या पोराला पुढे करतात. पहिल्या पानावर एका मुलाने रिक्षा काढली आहे, तीन चाकं एका ओळीत. खातं २२० रुपयांचं, गेल्या आठवड्यात फिटलं. मुलगा म्हणतो डोळा म्हणजे पुढचा दिवा, काकी म्हणतात आत बसलेल्या ड्रायव्हरला भरू. ड्रायव्हर चित्रात नाही, तो आधी काढावा लागेल.